चुंदाला दोष लागू नये



आजचा विषय घरात काढला तर आई आपल्याला दटावते. "भलतंसलतं बोलू नोको," म्हणते आणि उठून कामाला लागते. विषय मरणाचा आहे. तोही कोणा दुसऱ्याच्या नव्हे, तर आपल्याच घरात समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाच्या मरणाचा. आपण बौद्ध आहोत. सर्व संस्कार अनित्य आहेत हे आपण विहारात ऐकतो, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ऐकतो, आणि घरी येऊन असे वागतो की जणू आमच्या उंबरठ्याच्या आत ही अनित्यता येतच नाही! मी भिक्खू नाही, बौद्धाचार्यही नाही. शाळामास्तर आहे. धम्म मला जो काही कळला तो थोडा वाचून आणि थोडा सोसून कळला. तेव्हा माझे बोलणे उपदेश म्हणून घेऊ नका. शेजारी बसून बोलतो आहे असे समजा.

सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली तेव्हा आम्हा शिक्षकांनाही घरोघर पाठविण्यात आले. आशाताई पुढे, मी मागे. हातात ऑक्सिमीटर आणि ताप मोजण्याची बंदूक. मूर्तिजापूर तालुक्यातल्या त्या वस्त्यांत मला रोगाच्या भीतीपेक्षा दवाखान्याची भीती अधिक दिसली. लोक बोट पुढे करायला तयार नसत. आकडा कमी आला की नेतात, नेला की माणूस परत येत नाही, मेला तर तोंडही पाहू देत नाहीत, आणि किडनी काढून घेतात, असे सारे मी ऐकले. चार बुके शिकलेल्यांच्या तोंडूनही ऐकले. आणि सहा-सात महिन्यांनी तीच माणसे व्हेंटिलेटरच्या खाटेसाठी आमदाराला, नगरसेवकाला, ओळखीच्या कंपाउंडरला फोन लावत होती. आधी यंत्राची आंधळी भीती, मग यंत्रावर आंधळी श्रद्धा. या दोहोंच्या मधली एक गोष्ट मात्र राहून गेली. ज्याचा जीव, त्याला कोणी विचारले नाही.

माझ्या घरीही विचारले नाही.

ती दुसरी लाट आपल्या वऱ्हाडाने राज्याच्या आधी पाहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्ण इतके वाढले की २२ तारखेच्या रात्रीपासून अमरावती शहर आणि अचलपूर बंद झाले. अकोल्यातही टाळेबंदी आली. एप्रिलमध्ये माझे वडील आजारी पडले. वय ६८. सारा जन्म जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलण्यात गेला, त्यामुळे छातीत दम आधीच कमी. दोन दिवस फिरल्यावर एका खाजगी दवाखान्यात खाट मिळाली. पाच दिवस मास्कवर काढले. सहाव्या रात्री दोनच्या सुमारास फोन आला, "नळी टाकावी लागेल. सहीला या." दादा बाहेरगावी अडकलेला, ताई फोनवर नुसती रडत होती. मी सही केली. करताना माझ्या मनात दोनच गोष्टी होत्या. नाही म्हटले तर समाज काय म्हणेल, आणि पैसे कुठून आणायचे. बाबांना काय हवे आहे हा प्रश्न मनात उमटलासुद्धा नाही. खरे तर त्यांनी सांगितले होते. आदल्या संध्याकाळी नर्सबाईंनी व्हिडिओवर बोलणे करून दिले तेव्हा मास्क बाजूला सारून ते म्हणाले होते, "मले घरी ने रे." मी म्हटले, "बाबा, बरे झाले की नेतो." मुलाला समजवावे तसे समजावले आणि फोन ठेवला.

घशातून श्वासनलिकेत नळी घातली की माणसाला बोलता येत नाही. नळी सोसावी म्हणून गुंगीचे औषध चालू ठेवतात. अकरा दिवसांत बाबांचा एक शब्द ऐकला नाही. बाराव्या दिवशी पहाटे ते गेले. अग्नी नगरपालिकेच्या माणसांनी दिला. त्रिशरण-पंचशील मी स्मशानाच्या भिंतीबाहेर उभा राहून म्हटले.

मागे दोन एकर शेत होते, ते गहाण पडले. दादा म्हणतो, नागपूरला न्यायला पाहिजे होते. ताई म्हणते, "अकरा दिवस बाबाले बांधून ठेवलं तू." दोघांचेही मला खरे वाटते. आणि सही केली नसती, तर पैशासाठी बापाला मारले हे ऐकून घ्यावे लागले असते, हेही तितकेच खरे! आम्ही तिघे भावंडे त्यानंतर एका पंगतीला बसलो नाही. असे घर माझे एकट्याचे नाही, हे मला आता ठाऊक झाले आहे. वाचकहो, तुमच्या ओळखीतही एखादे असेल.

या जागी मला महापरिनिब्बाण सुत्तातला चुंद आठवतो. पावा नगरीचा चुंद, जातीने लोहार, एक कारागीर. त्याच्या घरी तथागतांनी शेवटचे भोजन घेतले आणि त्यानंतर त्यांना रक्ताची हगवण लागली. तशाच अवस्थेत ते कुसिनाराच्या वाटेला लागले. वेदना असह्य, वय ८० वर्षांचे, पाणी मागण्याइतकी तहान. अशा वेळी त्यांच्या मनात काय आले? त्यांनी आनंदाला जवळ बोलावून सांगितले की, उद्या कोणी तरी चुंदाला म्हणेल, तुझ्याच घरचे अन्न खाऊन बुद्ध गेले. त्याचे मन जाळू देऊ नका. त्याला सांगा की बोधी प्राप्त होण्यापूर्वीचे दान आणि परिनिर्वाणापूर्वीचे हे दान, दोन्ही सारख्याच पुण्याची आहेत. आम्ही लहानपणापासून ही कथा ऐकतो, आणि तथागतांची करुणा केवढी, असे म्हणून पुढे जातो. पण यात एक व्यवहारही आहे. मरणाऱ्याने आपल्या मागे राहणाऱ्याला दोषातून मोकळे केले. तेही स्पष्ट शब्दांत, साक्षीदारासमोर, शुद्धीत असताना. माझे बाबा हे करू शकले असते. मी त्यांना तशी संधीच दिली नाही.

कोणी म्हणेल, आजारी माणसापुढे मरणाचे बोलणे म्हणजे त्याची हिंमत मारणे. तर मग नकुलमातेची गोष्ट ऐका. भग्ग देशात नकुलपिता नावाचा उपासक आजारी पडला. नकुलमाता त्याच्यापाशी बसली आणि तिने त्याच्या मनातल्या काळज्या एकेक करून हाती घेतल्या. मन गुंतवून मरू नका, असे सांगून ती म्हणाली की मला कापूस कातता येतो, मी मुलांना पोसेन, संसार सांभाळीन, शील सोडणार नाही, धम्मापासून ढळणार नाही. (कापूस कातून घर चालवणारी बाई! आपल्या वऱ्हाडात तिची ओळख वेगळी करून द्यायला नको.) ते ऐकून नकुलपित्याचे मन शांत झाले आणि तो बरा झाला. तथागतांनी पुढे त्याला सांगितले की अशी बायको तुला लाभली हे तुझे भाग्य. मरणाची गोष्ट काढली म्हणून तो मेला नाही. महानाम शाक्यानेही तथागतांना सरळ विचारले होते की, आजारी उपासकाला दुसऱ्या उपासकाने काय सांगावे? त्याला उत्तर मिळाले की, आधी त्याला श्रद्धेचा आणि शीलाचा धीर द्यावा, आणि मग विचारावे की आईबापांची काळजी वाटते का, बायकामुलांची वाटते का. म्हणजे त्याला विचारावे. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या डोक्यावरून आपसात कुजबुजावे, असे त्यात कुठेही नाही.

आता पहिल्या शीलाचा प्रश्न. यंत्र लावू नका म्हणणे, किंवा लावलेले काढा म्हणणे, ही हत्या होते काय? विनयात याविषयी फार कडक नियम आहे. भिक्खूने मनुष्याचा प्राण घेतला, किंवा कोणापुढे मरणाची स्तुती करून त्याला मरणाकडे ढकलले, तरी तो संघातून बाहेर जातो. म्हणून कोणा म्हाताऱ्याला, 'तुमचं आता झालं, जागा मोकळी करा,' असे शब्दाने वा डोळ्याने सुचवणे हे धम्मविरोधी आहे. त्यात मला संशय नाही. पण तथागतांचे स्वतःचे वागणेही पाहा. वेळुव गावी वर्षावासात ते मरणप्राय आजारी पडले तेव्हा, संघाचा निरोप घेतल्याशिवाय जाणे योग्य नाही, असा विचार करून त्यांनी वीर्याच्या बळावर तो आजार परतवला. नंतर चापाल चेतियापाशी त्यांनी आयुष्याची ओढ सोडून दिली आणि तीन महिन्यांनी परिनिर्वाण होईल असे सांगितले. आपला देह पट्ट्यांनी बांधून कसाबसा चालवलेल्या जुन्या गाडीसारखा झाला आहे, असेही ते आनंदाला बोलले होते. काम बाकी होते तोवर आजाराशी झुंजले. मग पट्ट्यांवर पट्ट्या बांधीत बसले नाहीत. दोन्ही निर्णय त्यांचे स्वतःचे होते.

आणि परमपूज्य बाबासाहेब! मधुमेहाने शरीर पोखरलेले, पाय साथ देत नाहीत, अशा देहाने त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला धम्म दिला. ५ डिसेंबरच्या रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी उशाशी मागून घेतली. सकाळी ते या जगात नव्हते. आपल्याजवळ वेळ थोडा आहे हे जाणणारा माणूस कसा वागतो ते यात दिसते. महात्मा फुल्यांनी १८८७ मध्येच मृत्युपत्र करून ठेवले होते. आणि आपल्या शेजारचे गाडगेबाबा! २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांचा देह पडला. माझी समाधी बांधू नका, मूर्ती करू नका, हे त्यांनी हयातीतच सांगून ठेवले होते. अमरावतीत आज त्यांची समाधी आहे. भक्तांच्या प्रेमाबद्दल मला आदर आहे. पण प्रेम करणारी माणसेच माणसाची इच्छा कशी ऐकत नाहीत, याचे याहून जवळचे उदाहरण मला दिसत नाही.

येथे एक धोका सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. त्याचे पत्र १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बाळंत बायको आजारी पडली. डॉक्टर मोठ्या मिनतवारीने आला, पण शिवला नाही. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने शिक्षकाच्या हाती दिले, शिक्षकाने बायकोला लावले, आणि त्याच हातांनी ते परत गेले. ती बाई वाचली नाही. तो शिक्षक होता, मीही शिक्षक आहे; ती हकीकत मला एका बैठकीत वाचवत नाही. ज्यांच्या आजी-पणजीला नाडी पाहण्यापुरताही हात मिळाला नाही, त्यांना आज कोणी 'यंत्राचा हट्ट सोडा, शांतपणे मरा' असे शिकवू लागला, तर संशय येणारच, आणि यावाच. पूर्ण उपचार हा आपला पहिला हक्क. मे २०२० मध्ये शासनाने खाजगी रुग्णालयातल्या व्हेंटिलेटरसह अतिदक्षतेचा दर दिवसाला ९,००० रुपये बांधून दिला. महागडी औषधे, मोठ्या तपासण्या त्यावर वेगळ्या. रोजमजुराच्या घराने त्याचा हिशेब अकरा दिवसांनी करून पाहावा. ज्या घरात 'नाही' हा शब्द पैशामुळे निघतो, तिथे ती मरणाऱ्याची इच्छा नसते. ती गरिबीची सक्ती असते.

एप्रिल २०२१ मध्ये नागपुरातले ८५ वर्षांचे एक गृहस्थ दवाखान्यातून स्वतःहून घरी परतले आणि थोड्याच दिवसांत वारले. तरुण रुग्णासाठी त्यांनी खाट सोडली, असे घरच्यांनी सांगितले. साऱ्या महाराष्ट्रात त्यावर वाद पेटला. कोणी त्यांना त्यागमूर्ती केले, कोणी हकीकतच खोटी ठरवली. त्या म्हाताऱ्या माणसाने आपल्या मनाने घरी जायचे ठरवले असेल तर तो त्यांचा अधिकार होता, एवढे मी म्हणेन. पण त्यांची आरती ओवाळणाऱ्यांनी, खाटा अपुऱ्या का पडल्या, हा प्रश्न त्या आरतीच्या धुरात लपवला. इटलीत मार्च २०२० मध्ये डॉक्टरांवर वय पाहून खाट द्यायची पाळी आली, तेव्हा तिथल्या लोकांनी निदान त्या गोष्टीची लाज वाटून घेतली. त्याग ज्याचा त्याने करावा. दुसऱ्याकडून तो मागू नये.

कायदा आता काय सांगतो ते थोडक्यात लिहितो, कारण आपल्या वस्तीत त्याची माहिती जवळजवळ कोणाला नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या अमानुष हल्ल्यानंतर ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना काय हवे, हे विचारण्याचा मार्गच उरला नव्हता. तिथल्या परिचारिकांनी त्यांची जी सेवा केली तिला तोड नाही. त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये निकाल झाला. पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ठरवले की सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि माणसाला आपले वैद्यकीय इच्छापत्र आधी लिहून ठेवता येते. पहिली पद्धत फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी केली. आता सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या कोणालाही ते लिहिता येते. दोन साक्षीदार हवेत, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही हवी. मी बोलू शकलो नाही तर माझ्या वतीने कोणी बोलावे, त्यांची नावे त्यात घालायची. एक प्रत महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात दाद मागितल्यानंतर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र केले. मन बदलले तर कागद केव्हाही रद्द करता येतो.

कागद आहे म्हणून कोणी एकटा डॉक्टर यंत्र बंद करू शकत नाही. आधी रुग्णालयातले तीन डॉक्टर पाहतात, मग दुसरे तीन पाहतात. त्यात एक जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला असतो. आणि हा कागद चालतो तो बरे होण्याची आशा संपलेल्या रुग्णापुरता. करोनासारख्या आजारात व्हेंटिलेटरवरून उठून घरी आलेली माणसेही आहेत. ते यंत्र रोग बरा करीत नाही, फुप्फुसांचे काम आपल्याकडे घेऊन शरीराला वेळ मिळवून देते. म्हणून 'मला यंत्र नकोच' असे डोळे मिटून लिहिणे मला शहाणपणाचे वाटत नाही. किती दिवस वाट पाहायची, डॉक्टरांनी आशा नाही म्हटल्यावर काय करायचे, आणि कोणाचा शब्द शेवटचा मानायचा, हे लिहावे. नळी काढली म्हणजे सेवा थांबली असेही होत नाही. दम लागू नये, दुखू नये याची औषधे शेवटपर्यंत देता येतात. हगवणीने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने आपल्या हातांनी धुतले होते, आणि एकमेकांची सेवा तुम्ही केली नाही तर कोण करील, असे भिक्खूंना विचारले होते. त्या सेवेला कुठलेही यंत्र लागत नाही.

गेल्या वर्षावासात आमच्या विहारात हे सारे मी बोललो. काही मंडळी उठून गेली. एक आजोबा मात्र मागे थांबले आणि म्हणाले, "मास्तर, माह्या पोराईले तुम्हीच सांगा. माह्यं ऐकत नाईत." मी म्हटले, सांगणार तुम्हीच, मी फक्त शेजारी बसतो. आणि बसलो. त्या घरात पहिली पंधरा मिनिटे कोणी बोललेच नाही. मग थोरल्या सुनेने, जिच्याकडून कोणाची अपेक्षा नव्हती, विचारले, "मामाजी, तुमाले कायची भीती वाटते?" त्यानंतर माझी गरज उरली नाही.

दुसऱ्याच्या घरी बसणे सोपे. माझ्या आईला विचारायला मला आणखी दोन महिने लागले. ती तुरीची डाळ पाखडत होती. अपेक्षेप्रमाणे, "भलतंसलतं बोलू नोको," म्हणाली. मी विषय सोडला. आठ दिवसांनी रात्री जेवण झाल्यावर तिनेच काढला. म्हणाली, "ऐक. दवाखान्यात नेजो, तथी मागं सरू नोको. बरी होणार असन तर मशीन बी लावजो. डाक्टरनं नाई म्हटलं का घरी आणजो. मले एकटी नोको ठेवजो, ताई पाशी पाह्यजे. अन् हे तिघाईले समोर बसवून सांगतो मी, नाईतर मंग तुम्ही भांडत बसता."

मी वही घेतली आणि विचारले, "लिहून घेऊ का?"

"लिव. पण अंगठा नाई देत मी," ती म्हणाली. "सही करतो." प्रौढ साक्षरतेच्या वर्गात ती सही शिकली होती.

दादाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, रविवारी येतो. ताईला त्यानेच कळवले.